दोरियाँ, आंत्वान-एमे

दोरियाँ, आंत्वान-एमे : (१७ जानेवारी १८१८ – ३१ मे १८९१). कॅनडातील फ्रेंचभाषक वकील, उदारमतवादी पुढारी व क्वेबेकचे मुख्य न्यायाधीश. जन्म सेंत-आन-द-ला-पेराद येथे. वडील व्यापारी आणि लोअर कॅनडाच्या (आजच्या क्वेबेकच्या दक्षिण भागाच्या) विधानसभेचे सभासद, त्यामुळे राजकारण घरातलेच. १८४२ मध्ये सनद मिळाल्यावर दोरियाँ माँट्रिऑलला वकिली करू लागले. १८५४ मध्ये तेथूनच कॅनडा प्रांताच्या (तेव्हा एकत्र असलेल्या आजच्या क्वेबेक व ऑन्टॅरिओच्या) विधानसभेवर निवडून येऊन ते ‘रूज’ (लाल) या उदारमतवादी पक्षाचे नेते झाले. पक्षातले तरुण जहाल होते, चर्चशी उघड भांडत. दोरियाँ मात्र शांत आणि मोजके बोलणारे.

१८५८ मध्ये ओटावाला राजधानी करण्याच्या प्रश्नावर जॉन ए. मॅक्डोनल्ड व जॉर्ज-एतियेन कार्तिए यांच्या सरकारने राजीनामा दिला. २ ऑगस्टला इंग्रजीभाषक सुधारणावाद्यांचे नेते जॉर्ज ब्राऊन आणि दोरियाँ यांचे मंत्रिमंडळ आले. तेव्हाच्या नियमानुसार नव्या मंत्र्याला जागा सोडून पोटनिवडणूक लढवावी लागे. साहजिकच मंत्री सभागृहाबाहेर होते आणि त्याच दिवशी सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर झाला. गव्हर्नर एडमंड हेड यांनी विधानसभा बरखास्त करायला नकार दिला. ४ तारखेला सरकार पडले. परतलेल्या जुन्या मंत्र्यांनी आधी दुसरीच खाती घेतली आणि लगेच आपापल्या खात्यांवर परतले. महिन्याभरात खाते बदलणाऱ्याला निवडणुकीची सक्ती नव्हती, त्या सवलतीचा हा फायदा. कायद्याच्या अक्षराला धरून त्याचा हेतू इतक्या उघडपणे मोडल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

१८६३-६४ मध्ये दोरियाँ जॉन सँडफील्ड मॅक्डोनल्ड (वरील मॅक्डोनल्ड नव्हेत) यांच्याबरोबर पुन्हा सरकारच्या नेतृत्वात होते. मात्र त्यांचे खरे मोठेपण १८६५ च्या संघराज्यविषयक चर्चेत दिसते. उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचे एक संघराज्य करण्याची योजना विधानसभेपुढे होती आणि दोरियाँ तिच्या विरोधात होते. प्रांतांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राकडे, प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर केंद्राने नेमलेले, वरिष्ठ सभागृह नियुक्त सभासदांचे. मग हे नावाचेच संघराज्य, असा त्यांचा मुद्दा होता. एवढा मोठा बदल जनतेला न विचारता करू नये, असेही त्यांनी बजावले. योजना ९१ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर झाली. पुढे प्रांतांच्या अधिकारांवरून जे खटले झाले, ते पाहता त्यांची भीती अनाठायी नव्हती.

संघराज्य झाल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत. १८६७ पासून ते संघीय संसदेत होते. नोव्हेंबर १८७३ मध्ये अलेक्झांडर मॅकेंझी यांच्या सरकारात ते न्यायमंत्री झाले आणि जेमतेम सात महिन्यांत १८७४ चा निवडणूक कायदा मार्गी लावला. संघीय निवडणुकांत गुप्त मतदान याच कायद्याने आले. त्याआधी बहुतेक प्रांतांत मतदाराला मालकाच्या वा सावकाराच्या देखत उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावे लागे.

त्याच वर्षी ते क्वेबेकच्या क्वीन्स बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. १८७७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते.