गोषा : मुखावरण आणि शासन

गोषा : स्त्रियांनी परपुरुषाच्या दृष्टीस न पडण्याची रीत. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, देवास आदी मराठी संस्थानांत राजघराणी व मानकऱ्यांचे वाडे यांमध्ये ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कमीअधिक कडकपणे पाळली जाई. तिची दोन अंगे आहेत. एक जागेचे : जनाना, चिकाचे पडदे, झाकलेला मेणा. दुसरे वस्त्राचे : तोंडावर ओढलेला पदर वा शेला, बुरखा, नकाब. चेहरा झाकणाऱ्या वस्त्रात शासनाने हात घालावा की नाही, घालावा तर कितपत, हा वाद या दुसऱ्या अंगाशी निगडित असून प्रस्तुत नोंदीत तो मुख्यतः बडोद्याच्या संदर्भाने मांडला आहे. केस झाकून चेहरा मोकळा ठेवणारा हिजाब येथे केवळ सीमारेषा स्पष्ट करण्यापुरता येतो. वृत्तपत्री चर्चेत हिजाब व नकाब सर्रास एकत्र केले जातात आणि त्यामुळे निम्मा वाद निष्कारण वाढतो.

प्राचीनता : मुखावरणाविषयीचा सर्वांत जुना लेखी निर्बंध प्राचीन मेसोपोटेमियातील मध्य-असिरियन कायद्याच्या मृत्पट्टिकांवर आढळतो. त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पू. चौदावे ते अकरावे शतक असा दिला जातो. उपलब्ध प्रती त्या काळाच्या उत्तरार्धातील असाव्यात. या कायद्यात विवाहित व कुलीन स्त्रियांना आवरण सक्तीचे, तर दासी व गणिकांना निषिद्ध आहे. आवरण घेतलेली गणिका पकडली गेल्यास पन्नास फटके व डोक्यावर डांबर, आणि तिला पाहूनही न कळवणाऱ्या पुरुषालाही फटके, अशी शिक्षा होती. शासनाचा हा पहिला ज्ञात हस्तक्षेप धार्मिक नसून दर्जाचा आहे. कोणी झाकावे आणि कोणी झाकू नये, दोन्ही गोष्टी राजाच ठरवतो.

भारतीय पुराव्याबाबत एकमत नाही. ‘असूर्यंपश्या राजदाराः’ (सूर्यही न पाहणाऱ्या राजस्त्रिया) हा प्रयोग पाणिनीच्या नावावर खपवून गोषा इ. स. पू. पाचव्या शतकापर्यंत मागे नेला जातो. तथापि पाणिनीच्या सूत्रात (३.२.३६) केवळ शब्दसिद्धीचा नियम आहे, राजस्त्रियांचे उदाहरण वृत्तिकारांचे (सूत्रांवर विवरण लिहिणाऱ्यांचे) असून त्यांतील काशिका या वृत्तीचा काळ बहुधा सातवे शतक होय. या उदाहरणाला त्यापेक्षा जुना पुरावा मानण्यास आधार अपुरा आहे. रामायणाच्या युद्धकांडात, संकटात, युद्धात, स्वयंवरात, यज्ञात व विवाहात स्त्रीचे दर्शन दूषित होत नाही, असे राम बिभीषणाला सांगतो. हा श्लोक बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६०–७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही कायम आहे, म्हणून तो सरसकट प्रक्षिप्त म्हणता येत नाही. मात्र त्या कांडाच्या थरांची कालनिश्चिती हाच स्वतंत्र वादविषय आहे. भासाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिमानाटकातही याच आशयाची ओळ येते. अपवादांची यादी द्यावी लागते, याचा अर्थ एरवीचा नियम श्रोत्यांना ठाऊक होता, असे अनुमान काढता येते. तो नियम राजकुळापलीकडे किती पोचला होता, हे त्यावरून ठरत नाही.

संस्कृत नाटकांतील दोन प्रसंग प्रस्तुत वादाच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही, तेव्हा नवऱ्याला ओळख पटावी म्हणून गौतमी तिचे अवगुंठन (तोंडावरचे वस्त्र) दूर करते : स्त्रीच्या हातून, कारणापुरते, क्षणभर. (ओळख तरीही पटत नाही, हा भाग निराळा.) मृच्छकटिकाच्या अखेरीस नवा राजा वसंतसेना या गणिकेला ‘वधू’ ही पदवी देतो आणि शर्विलक तिच्या मस्तकावर अवगुंठन घालतो. येथे आवरण म्हणजे राजाने बहाल केलेली प्रतिष्ठा. असिरियन कायद्याची ही दुसरी बाजू म्हणता येईल.

प्राचीन भारतात पडदा काही राजकुळांपुरता होता, सर्वसाधारण समाजात तो मुसलमानी राजवटीच्या काळात पसरला, हे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकरांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. ‘पडदा परका’ हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारकांना सोयीचे उत्तर होते, हे ध्यानात ठेवून ते स्वीकारावे लागते.

मराठ्यांमधील गोषा : मराठा गोषाच्या उगमाविषयी तीन मते आहेत : दख्खनच्या सुलतानशाह्या व मोगल दरबार यांचे अनुकरण, जुनी क्षत्रिय परंपरा, आणि कुळीचा दावा भक्कम करण्यासाठी उचललेली प्रतिष्ठेची खूण. पहिले मत सर्वाधिक प्रचलित आहे, पण ते एकट्याने पुरत नाही. त्याच दरबारांच्या सावलीत वावरणाऱ्या महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत गोषा रुजला नाही. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) महेश्वरास उघड्या दरबारात बसून कारभार पाहत, असे जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवले आहे. ताराबाईंच्या राजकारणाची कथाही चिकाआडची नाही. उलट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या वर्णनांत पडदा वारंवार येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकात संस्थानांचे मानमरातब ठरून गेल्यावर, शहाण्णवकुळीचा आग्रह आणि गोषा बरोबरीने कडक झाले असावेत, हे तिसऱ्या मताकडे झुकणारे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

बडोदे : गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी वस्तीला गुजरातेत निराळी रीत भेटली. सासऱ्या-दिरांसमोर तोंडावर साडीचा पदर ओढणे, म्हणजे गुजरातीत ‘लाज काढणे’, ही घरातल्या वडीलधाऱ्यांपासूनची आड होती, गोषा बाहेरच्यांपासूनची. एकाच गल्लीत दोन्ही नांदत. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात दरबार सभागृहावर राजस्त्रियांसाठी आडोशाचे सज्जे आहेत.

सयाजीराव (तिसरे) गायकवाड यांच्या द्वितीय पत्नी चिमणाबाई (पूर्वाश्रमीच्या देवासच्या घाटगे, विवाह १८८५) यांनी गोषा जाहीरपणे सोडल्याचे वर्ष सामान्यतः १९१४ च्या सुमाराचे दिले जाते. ही तारीख सैलपणेच घ्यावी. १८८७ पासून सुरू झालेल्या परदेशवाऱ्यांमुळे गोषाचे नियम आधीच विरळ झाले होते. स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनातील स्थानावर एस. एम. मित्र यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९११ मध्ये लंडनला निघाला. म्हणजे विचार आधीचा, बडोद्यातील जाहीर वर्तन नंतरचे. स्त्री उद्योगालयाची स्थापनाही १९१४ चीच. पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

राजकन्या इंदिराराजे (१८९२–१९६८) यांनी ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेला विवाह १९११ मध्ये स्वतः पत्र लिहून मोडला व १९१३ मध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला. ग्वाल्हेरच्या कडक गोषाची धास्ती हे कारण नेहमी सांगितले जाते. ते खोटे नसावे; पण दिल्ली दरबारातील भेटीनंतर जितेंद्र नारायण यांच्याविषयी निर्माण झालेली ओढ हे कारण घटनाक्रमाशी अधिक जुळते.

सामाजिक कायदे करण्यात बडोदे संस्थान अग्रेसर होते. बालविवाह प्रतिबंध (१९०४), सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण (१९०६), हिंदू घटस्फोट (१९३१) आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलांच्या संन्यासदीक्षेवरील निर्बंध (१९३३) ही ठळक उदाहरणे होत. शेवटच्या कायद्याने तर थेट धार्मिक संस्कारालाच हात घातला. असे असूनही कायद्यांच्या परिचित यादीत गोषाबंदी आढळत नाही. याचा खुलासा सयाजीरावांच्या एखाद्या वचनात शोधण्यापेक्षा कायद्यांच्या स्वरूपात शोधावा : वरील बहुतेक कायद्यांत अज्ञान मुलाचे हित किंवा स्त्रीला मिळणारा नवा हक्क मध्यवर्ती आहे, सज्ञान स्त्रीच्या पेहरावावर दंड हा त्या चौकटीत बसत नाही. दंडाचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नव्हता. बालविवाहाच्या बाबतीत अनेक कुटुंबे दंडाची रक्कम लग्नखर्चात धरून मोकळी होत.

कायद्याऐवजी स्वतःचे उदाहरण घालून देण्याच्या या मार्गाच्या मर्यादाही उघड आहेत. महाराणींचे अनुकरण प्रथम सरदारवर्गात झाले. पाणीगेट, वाडी, फतेपुरा भागांतील मुसलमान स्त्रियांच्या बुरख्याशी राजवाड्यातील या बदलाचा थेट संबंध जोडता येत नाही.

तरीही समकालीन प्रयोगांशी तुलना उद्बोधक ठरते. सोव्हिएत उझबेकिस्तानात ८ मार्च १९२७ पासून ‘हुजूम’ मोहिमेत जाहीरपणे बुरखे जाळले गेले. प्रतिक्रिया म्हणून बुरखा टाकलेल्या अनेक स्त्रियांचे खून झाले. अफगाणिस्तानात राजे अमानुल्लाह यांच्या सुधारणा, राणी सुरय्यांचे अनावरण धरून, १९२९ मध्ये सत्तेसह कोसळल्या. इराणमध्ये रझा शाह यांनी जानेवारी १९३६ मध्ये पोलिसांकरवी स्त्रियांच्या ‘चादरी’ (अंगभर आवरणे) उतरवल्या. अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले आणि १९४१ मध्ये शाह पायउतार होताच सक्ती मावळली. १९७९ नंतर त्याच देशात उलटी सक्ती आली.

गोषाला कायद्याचे संरक्षण : ब्रिटिश भारतातील न्यायव्यवस्थेने गोषावर बंदी घातली नाही, तर त्याभोवती नियम रचले. पडदानशीन (गोषा पाळणाऱ्या) स्त्रीने करून दिलेला दस्त तिला समजावून दिला होता व तिने तो स्वेच्छेने केला, हे सिद्ध करण्याचा भार दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर राहील, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तत्कालीन सर्वोच्च अपील न्यायालय) बझ्लूर रहीम वि. शम्सुन्निसा (१८६७) आदी निवाड्यांतून रूढ केले. दिवाणी प्रक्रिया संहितेचे (१९०८) कलम १३२ देशरिवाजाप्रमाणे समाजात न वावरणाऱ्या स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट देते. ते आजही लागू आहे. अटकेसाठी अशा स्त्रीच्या खोलीत शिरण्यापूर्वी पोलिसांनी तिला बाहेर पडण्याची संधी द्यावी, ही फौजदारी संहितेतील तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कायम राहिली आहे. हे संरक्षण उपकारक तितकेच अडचणीचे : पडदानशीन म्हणून सिद्ध झालेली स्त्री व्यवहारात जवळजवळ अज्ञान ठरते.

आधुनिक बंदी : फ्रान्सच्या ११ ऑक्टोबर २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास मनाई केली, दंड १५० युरोपर्यंत. अंमल ११ एप्रिल २०११ पासून. २००९ च्या अखेरीस फ्रान्समध्ये संपूर्ण मुखावरण घेणाऱ्या स्त्रिया सुमारे १,९०० असाव्यात, असा अंदाज होता. उद्योजक रशीद नेक्काझ यांनी हे दंड भरण्यासाठी निधी उभारला, तेव्हा बडोद्याच्या बालविवाह दंडाची आठवण होणे अपरिहार्य आहे. बेल्जियम (२०११), ऑस्ट्रिया (२०१७), डेन्मार्क (२०१८) यांनी कमीअधिक तसेच कायदे केले. नेदरलँड्सने (२०१९) मनाई शाळा, रुग्णालये, शासकीय इमारती व सार्वजनिक वाहतुकीपुरती ठेवली. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१ च्या जनमतात ५१.२ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली आणि कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

बंदीच्या समर्थनार्थ सुरक्षितता, स्त्रीप्रतिष्ठा आणि सहजीवन ही तीन कारणे दिली जातात. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एस. ए. एस. वि. फ्रान्स (२०१४) या निवाड्यात पहिली दोन सरसकट बंदीला पुरेशी मानली नाहीत. ‘एकत्र जगणे’ या तिसऱ्या कारणावर १५ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने मात्र २०१८ मध्ये याच कायद्याखालील दोन प्रकरणांत हक्कभंग झाल्याचे मत दिले. चेहरा दिसल्याने सहजीवन साधते, हे गृहीतक तपासणीस कठीण आहे.  विरुद्ध टोकाला अफगाणिस्तानात २०२२ पासून चेहरा झाकण्याचीच सक्ती आहे.

भारत : भारतात सर्वसाधारण बंदी नाही. बाबासाहेब आंबेडकर (ज्यांचे परदेशी शिक्षण बडोद्याच्या शिष्यवृत्तीने सुरू झाले) यांनी पडद्याच्या शारीरिक व मानसिक दुष्परिणामांवर १९४० च्या दशकात अत्यंत कठोर लिहिले. राज्यघटनेत मात्र पेहराव हा विषय स्वतंत्रपणे आला नाही. वाद अनुच्छेद १४ (समानता), १९ (स्वातंत्र्य), २१ (जीवित) व २५ (धर्म) यांच्या आधारे चालतो. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मतदारयादीसाठी चेहऱ्याचे छायाचित्र घेण्यास केलेली हरकत फेटाळली. मतदानकेंद्रावर आडोशाला, स्त्री कर्मचाऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे. गौतमीची रीत ती हीच. कर्नाटकातील प्रकरण (२०२२) शाळेच्या गणवेशातील हिजाबाचे असून मुखावरणाचे नव्हे. त्यात उच्च न्यायालयाने हिजाब ही अत्यावश्यक धर्मप्रथा नसल्याचे म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी हेमंत गुप्ता व सुधांशु धुलिया या न्यायमूर्तींमध्ये मतभेद होऊन प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपवण्यात आले.

व्याख्येची अडचण : धर्माचे नाव न घेता ‘चेहरा झाकणे’ एवढेच निषिद्ध करावे, तर आणखी बरेच काही त्यात सापडते. बडोद्यात उन्हाळ्यात स्कूटरवरून जाणाऱ्या मुली ओढणीची ‘बुकानी’ बांधतात. डोळे सोडून काही दिसत नाही आणि तिचा धर्माशी संबंध नाही. स्थानकवासी व तेरापंथी जैन साधुसाध्वींची मुहपत्ती तोंड झाकते; तेथे हेतू सूक्ष्म जीवांच्या रक्षणाचा असतो. मूर्तिपूजक साधू ती हातात धरतात, त्यामुळे एकाच धर्मात एकास कायदा लागू व दुसऱ्यास नाही, अशी स्थिती होईल. बोहरा स्त्रियांच्या ‘रिदा’ या पोशाखाची पुढची पट्टी, परदी, बहुधा मागे टाकलेली असते, पण खाली सोडता येते. २०२० मध्ये गुजरातेत मास्क न लावल्याबद्दल १,००० रुपये दंड होता. फ्रान्सच्या कायद्यात आरोग्य, व्यवसाय, खेळ, सण व परंपरागत समारंभ हे अपवाद आहेत. ते वजा केल्यावर कायद्याच्या कक्षेत व्यवहारतः जे उरते ते नकाब व बुरखा हेच.