ई-टाइपचा जीर्णोद्धार

वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेली, गंजलेली किंवा मधल्या मालकांनी आपापल्या हौसेने बदललेली जॅग्वार ई-टाइप ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पुन्हा कारखान्यातून निघाली तशी करण्याचे काम. गॅरेजच्या भाषेत याला ‘रिस्टोरेशन’च म्हणतात. जीर्णोद्धार हा देवळाचा शब्द आहे, पण इथे तो अधिक नेमका बसतो. कारण जुने किती ठेवायचे आणि नवे कुठे घालायचे, हा देवळातला वाद गाडीतही तसाच असतो.

ई-टाइप १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात लोकांसमोर आली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ते ब्रिस्टल विमान कंपनीतून आलेले वायुगतिकीचे अभियंता होते. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर आणि ताशी १५० मैलांचा दावा. जिनिव्हात चक्कर मारून पाहणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांना कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी रातोरात चालवत आणावी लागली. १९७४ पर्यंत ७२ हजारांवर गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. आज जीर्णोद्धाराला येणाऱ्या कित्येक गाड्या तिथूनच परतलेल्या असतात.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडी जिच्यावर बसवतात तो स्वतंत्र सांगाडा, नाही. मधला भाग म्हणजे पत्र्याचा एकसंध डबा आणि त्याच्या पुढच्या भिंतीला बोल्टने जोडलेला चौकोनी नळ्यांचा सांगाडा. इंजिन, पुढची चाके आणि ते लांबलचक बॉनेट या सांगाड्यावर तोललेले असते. डब्याची ताकद दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, म्हणजे सिलमध्ये असते आणि गंज नेमका तिथेच आतून लागतो. पुढच्या नळ्याही आतूनच सडतात. वरून रंग चकाकत असतो. त्याखेरीज फरशी, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा या नेहमीच्या जागा.

तपासणीची सगळ्यांत स्वस्त पद्धत म्हणजे फडक्यात गुंडाळलेले चुंबक. ते सिलवरून हळूहळू सरकवायचे. पकड सुटली, की रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे असे समजावे. मात्र सिल आणि मागचे मडगार्ड यांच्या सांध्यावर चुंबक घसरले म्हणून लगेच नाक मुरडू नये; तो सांधा कारखान्यातच शिशाने भरलेला असे. शिसे खरे आणि लांबी खोटी, हा भेद हाताला कळायला काही गाड्या उघडून पाहाव्या लागतात.

उघड्या टपाच्या गाडीत एक चूक फार महाग पडते. उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंची सिल एकदम कापली, की डबा मधोमध खचतो. नवी सिल वेल्ड करून झाल्यावर कळते, की दार लागतच नाही. म्हणून आधी दारांच्या जागेत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून डबा ताणून धरतात, एका वेळी एकच बाजू कापतात, आणि दर टप्प्यावर दार लावून फट बघतात. बॉनेटचेही तसेच. पुढच्या बिजागरीखाली पातळ चकत्या घालत, काढत ते जुळवायचे. यात दिवस जातात आणि बिलात ते दाखवणे अवघड असते!

हे सगळे पाना हातात घेतल्यावरचे. शहाणा माणूस त्याआधी कागद काढतो. जॅग्वारच्या जुन्या नोंदींवरून वारसा प्रमाणपत्र मिळते. त्यात चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे क्रमांक, मूळ रंग, आतल्या चामड्याचा रंग आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली ते लिहिलेले असते. ३.८ लिटरच्या उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांचे चासी क्रमांक ८५०००१ पासून सुरू होतात, डाव्या स्टिअरिंगच्या ८७५००१ पासून. प्रमाणपत्रावरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळला, तर निम्मी लढाई जिंकलीच.

‘मूळ’ म्हणजे कोणत्या दिवशीचे मूळ, हा प्रश्न ई-टाइपमध्ये विशेष छळतो, कारण कंपनी सतत बदल करत होती. अगदी सुरुवातीच्या सुमारे ५०० गाड्यांत बॉनेटचे कुलूप बाहेरून उघडावे लागे. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत फरशी सपाट होती; उंच माणसांचे पाय मावेनात म्हणून पुढे ती खोलगट केली. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखडाट न होता बसवणारी रचना) असलेला गिअरबॉक्स आला. हेडलाइटवरची काच १९६७ मध्ये गेली, तर डॅशबोर्डवरची खटक्यांची रांग अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांमुळे चपट्या बटणांनी बदलली. तेव्हा १९६२ च्या गाडीत नंतरची बटणे दिसली, तर ती कितीही जुनी असोत, तिथे परकीच. ३.८ मध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. हे न बघता आजचा रेडिओ जोडणारा तो रेडिओ गमावतो.

रंगकामात जीर्णोद्धार हमखास वाहवत जातो. कारखान्यात पुढचा सांगाडा बॉडीच्याच रंगात रंगवत आणि झाकलेल्या कोपऱ्यांत रंग नुसता उडालेला असे. आज तिथेही आरशासारखी चकाकी आणतात. ब्राउन्स लेन या जॅग्वारच्या कारखान्यातल्या कामगारांनी इतकी गुळगुळीत गाडी कधी पाहिलीच नव्हती. बक्षिसांच्या स्पर्धांनी ही सवय लावली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अलीकडे जुन्या वाहनांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था ‘फिवा’ने तुरीन सनदेत जपणुकीला पुनर्निर्मितीपेक्षा वरचे स्थान दिले, हे बरे झाले.

या बाजूचे सर्वांत टोकाचे उदाहरण पीटर लिंडनर यांच्या शर्यतीच्या ई-टाइपचे. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या माँलेरी येथील अपघातात लिंडनर गेले आणि गाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचा चुराडा झाला. पुढे तिच्या यंत्रभागांवर नवी बॉडी चढवली गेली, पण चेपलेली मूळ बॉडी कुणी भंगारात दिली नव्हती. इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थच्या कारागिरांनी तीच बॉडी इंचाइंचाने सरळ केली. २०११ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा ७,००० हून अधिक तास खर्ची पडले होते. नवा पत्रा ठोकणे यापेक्षा कितीतरी सोपे होते.

आता जॅग्वार स्वतःच हे काम करते. २०१७ मध्ये कॉव्हेंट्रीजवळ तिने जुन्या गाड्यांसाठी कार्यशाळा उघडली आणि ‘रीबॉर्न’ नावाने पहिल्या मालिकेच्या ई-टाइप मूळ बरहुकूम करून विकायला सुरुवात केली. तोपर्यंत कंपनीची मालकी मुंबईच्या टाटा मोटर्सकडे येऊन नऊ वर्षे झाली होती. भारतात ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि अट अशी, की चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. सिल बदललेली ई-टाइप या अटीत कशी बसते, हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे वारसा प्रमाणपत्र आणि कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो यांच्या जोडीला ठेवता यावेत, म्हणून कापलेल्या पत्र्याचे तुकडेही काही मालक खोक्यात भरून ठेवतात.