फ्रँक केलेलं पत्र आणि पेड पत्र: घेणाऱ्याला दोन्ही फुकट, मग फरक काय?

१८००-१८४० च्या इंग्लंडमधली घरगुती पत्रं, म्हणजे मामे-आते-चुलत भावंडांनी एकमेकांना लिहिलेली वगैरे, वाचायला लागलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक फ्रँक (पार्लमेंटच्या सदस्याच्या सहीवर फुकट जाणारं), दुसरं पेड (पाठवणाऱ्याने आधीच पैसे भरलेलं). दोन्ही पत्रं दारात आली की घेणारा एक पैसा देत नाही, म्हणून लोक दोन्हींना सरसकट 'पोस्टेज भरलेलं पत्र' म्हणून मोकळे होतात. पण फ्रँकमध्ये पोस्टेज कुणी भरलेलंच नसतं! (आणि हो, बँकेतलं फ्रँकिंग डोक्यातून काढून टाका, त्याचा इथे संबंध नाही.)

आधी नेहमीचा नियम बघू. तेव्हा पैसे साधारणपणे पत्र घेणारा द्यायचा. आपल्याकडे नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र आलं की घेणाऱ्याला दंड, तिथे मात्र तीच रोजची रीत. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. १८१२ नंतरच्या दरांत १५ मैलांपर्यंत ४ पेन्स, १२० ते १७० मैलांना १० पेन्स, आणि हे फक्त एका कागदाचे. दोन कागद असले की दुप्पट, आणि पाकीट हाही एक कागदच धरायचे, म्हणून पाकीट कुणी वापरायचंच नाही, तोच कागद दुमडून लाखेने चिकटवायचा आणि जागा संपली की कागद आडवा फिरवून लिहिलेल्यावरच परत लिहायचं. वाचणाऱ्याचे डोळे गेले तरी चालतील पण १० पेन्स वाचले पाहिजेत! तेव्हाच्या शेतमजुराची साधारण अर्ध्या दिवसाची मजुरी होती ती.

पेड पत्र म्हणजे हेच सगळं, फक्त पैसे पाठवणाऱ्याने आधीच दिलेले. दर तोच, कागद मोजणं तेच. ओळखायची खूण पण सोपी, पुढे देणं बाकी असेल तर पत्रावर आकडा काळ्या शाईत, आधी भरलं असेल तर लाल शाईत. बरोबरीच्या माणसाला पेड पत्र पाठवणं काही जणांना जरा अपमानाचंही वाटायचं, जणू समोरच्याला परवडत नाही असं आपण सुचवतोय.

फ्रँकचं प्रकरण वेगळंच. पार्लमेंटच्या सदस्यांना, म्हणजे खासदार आणि लॉर्ड दोघांनाही, पत्रं फुकट पाठवायचा हक्क होता. दिवसाला १० पाठवायची, १५ घ्यायची, वजन एक औंसापर्यंत. हक्क त्यांच्या स्वतःच्या पत्रांसाठी, पण वापरायचं अख्खं खानदान, शेजारी आणि शेजाऱ्यांचे पाहुणे. आधी नुसती सही पुरायची, त्यामुळे लोक सह्या केलेले कोरे कागद जमवून ठेवायचे, म्हणून १७६४ मध्ये नियम आला की पूर्ण पत्ता सदस्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि १७८४ पासून गावाचं नाव आणि तारीखही (तीही अक्षरांत) लिहायची आणि खाली डाव्या कोपऱ्यात सही करायची. मग पोस्टाचा मुकुटवाला 'फ्री' शिक्का.

आता याचा परिणाम बघा. पत्र आत भाचीच्या अक्षरात, बाहेर पत्ता मामाच्या अक्षरात. नुसतं बाहेरचं बघून 'हे पत्र अमक्याने लिहिलं' म्हणालात की फसलात. शिवाय कोण कुणाला किती वेळा लिहितंय हे घरातल्या मोठ्या माणसाला आपोआप कळायचं, कारण पत्ता लिहून घ्यायला त्याच्याकडेच जावं लागायचं! पेड पत्रात ही भानगड नाही, पैसे टाका आणि मोकळे व्हा. फ्रँकमध्ये पैशाऐवजी उपकार.

आणि एक फरक, फ्रँकमध्ये कागद मोजत नाहीत, फक्त वजन. म्हणून एकाच फ्रँकमध्ये बहिणीची चिठ्ठी, आईच्या चार ओळी, असं सगळं कोंबता यायचं आणि वरून वेगळा कागद गुंडाळायची चैन पण परवडायची.

खोटा फ्रँक मात्र भलताच महाग पडायचा. लॉरेन्स हॅलोरन नावाच्या माणसाने एका खासदाराच्या नावाने फ्रँक बनवला, किंमत १० पेन्स, आणि १८१८ मध्ये त्याला सात वर्षांसाठी थेट ऑस्ट्रेलियाला धाडायची शिक्षा झाली.

एक ओळखीचं घर घेऊ. चार्ल्स डार्विन आणि एमा वेजवुड. एमा ही त्याची सख्खी मामेबहीण (हो, मामाच्या मुलीशी लग्न, आपल्याकडे कुणाला नवल वाटायचं नाही). तिचे वडील जोसाया वेजवुड १८३२ ते १८३५ स्टोकचे खासदार होते, म्हणजे तेवढी वर्षं फ्रँक घरचाच. पण लग्न ठरलं नोव्हेंबर १८३८ मध्ये, तेव्हा मामांची खासदारकी केव्हाच संपलेली. चार्ल्स लंडनमध्ये, एमा स्टॅफर्डशायरमधल्या मेअरला, मधे दीडशेच्या आसपास मैल, म्हणजे एका कागदाला १० पेन्सचा टप्पा. आता एकतर कुणीतरी ते द्यायचे, नाहीतर ओळखीचा दुसरा खासदार गाठायचा. जानेवारी १८३९ मध्ये लग्नच झालं, प्रश्न मिटला.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, १० जानेवारी १८४० ला, रोलंड हिल या टपाल-सुधारकाची योजना लागू होऊन अर्ध्या औंसाला देशभर कुठेही १ पेनी दर झाला, आधी भरला तर. न भरता टाकलं तर २. त्याच दिवशी खासदारांचा फ्रँक बंद, राणी व्हिक्टोरियाने पण स्वतःचा हक्क सोडला. तिकीट यायला मे उजाडला, त्यामुळे मधल्या चार महिन्यांच्या पत्रांवर तिकीटही नाही आणि फ्रँकची सहीही नाही, नुसता हाताने लिहिलेला १ नाहीतर 'पेड'चा शिक्का दिसतो, आणि ती पत्रं खरोखरच पेड आहेत.