विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सहायक साधने: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य करण्यात आले असून, लक्षणीय म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या 18 वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी त्याच्या कलम 17 ने शासनावर टाकलेली आहे. श्रवणयंत्र, ब्रेल किट, ध्वनिपुस्तके ऐकवणारा डेझी प्लेअर, अडथळ्याची सूचना देणारी स्मार्ट केन, चाकाची खुर्ची, पायाला आधार देणारा कॅलिपर, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीचा शैक्षणिक संच ही साधने पालक कृपा म्हणून मागत नाहीत, हे अर्ज भरण्याआधीच लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात या साधनांपर्यंत पोहोचण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. मूल शाळेत जात असेल, तर समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षण उपक्रमातून, म्हणजेच मुख्याध्यापक, विशेष शिक्षक आणि तालुका पातळीवर शाळांना साहाय्य करणारे गटसाधन केंद्र यांच्यामार्फत मागणी नोंदवता येते. मूल शाळाबाह्य असेल किंवा शाळेच्या मार्गाने साधन मिळत नसेल, तर दिव्यांग व्यक्तींना सहायक साधने देणाऱ्या केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून थेट साहाय्य मागता येते. दोन्ही मार्गांवर साधनांचा पुरवठा बहुधा कानपूर येथील कृत्रिम अंग निर्माण महामंडळ, म्हणजे अलिम्को, करते. शाळेच्या मार्गाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: शाळा व विद्यार्थ्यांची माहिती ठेवणाऱ्या यू-डायस प्लस या शासकीय ऑनलाइन प्रणालीतील विद्यार्थ्याच्या नोंदीत त्याच्या दिव्यांगत्वाचा प्रकार नमूद आहे का. ही नोंद राहून गेली, तर साधने ठरवण्यासाठी भरणाऱ्या मोजमाप शिबिराच्या यादीत नाव येण्यात अडचण होते, आणि वर्गशिक्षकांना मुलाची अडचण रोज दिसत असली तरी यादीला ती दिसत नाही.

सर्वाधिक वेळ लागतो तो दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला. हे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला सर्वजण यूडीआयडी कार्ड म्हणतात, दोन्हींसाठी केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर एकच अर्ज करावा लागतो. आधार, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून जवळचे शासकीय रुग्णालय निवडावे, नंतर दिलेल्या तारखेस मुलाला तपासणीस न्यावे. जाताना आधीचे सर्व वैद्यकीय अहवाल, उदाहरणार्थ श्रवणदोष असल्यास ऑडिओग्राम म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, सोबत ठेवावेत. प्रमाणपत्र हाती आल्यावर टक्केवारीइतकेच लक्ष त्याच्या मुदतीकडे द्यावे. लहान मुलांना पुष्कळदा तात्पुरते प्रमाणपत्र दिले जाते, आणि मुदत संपलेले प्रमाणपत्र घेऊन शिबिराला गेलेल्या पालकांना रिकाम्या हाती परतावे लागते. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत वयाच्या 14 व्या आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी अपेक्षित असते.

एडिप योजनेसाठी भारतीय नागरिकत्व, किमान 40 टक्के दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची मर्यादा या अटी आहेत. मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असल्यास साधनाचा योजनेत मान्य असलेला पूर्ण खर्च आणि 22,501 ते 30,000 रुपयांच्या दरम्यान असल्यास निम्मा खर्च शासन उचलते. मूल अवलंबित असल्याने येथे पालकांचे उत्पन्न धरले जाते. आपल्याकडे तहसीलदारांचा दाखला वार्षिक उत्पन्नाचा असतो, त्यामुळे या मर्यादा अनुक्रमे 2,70,000 आणि 3,60,000 रुपये अशा वाचाव्यात. उत्पन्नाच्या दाखल्याखेरीज यूडीआयडी कार्ड अथवा प्रमाणपत्र, मुलाचे आधार, रहिवासाचा पुरावा, शाळेचा बोनाफाइड दाखला आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. सर्व कागदांवरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, हे घरीच पडताळून पाहणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर येते मोजमाप शिबिर, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत पालकांनी सर्वाधिक जागरूक राहण्याची वेळ हीच असते. येथे तज्ज्ञ मुलाची तपासणी करून साधन निश्चित करतात. वाटप त्याच दिवशी होत नाही, त्यासाठी नंतर वेगळे शिबिर घेतले जाते. मूल वर्गात कोठे बसते, फळ्यावरचे किती दिसते, घर ते शाळा रस्ता कसा आहे, घरात चाकाची खुर्ची वळवण्याइतकी जागा आहे का, हे तज्ज्ञांना पालकांनी आणि विशेष शिक्षकांनी स्वतःहून सांगितले पाहिजे, कारण काही मिनिटांच्या तपासणीत ते कळण्याजोगे नसते. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला भिंग पुरेल की स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लागेल, हा प्रश्न प्रमाणपत्रावरील टक्केवारीने सुटत नाही. श्रवणयंत्र घेताना कानाच्या मापाचा इअर मोल्ड, म्हणजे यंत्र कानात नीट बसवणारा साचा, मिळणार आहे का आणि बॅटरी संपल्यावर ती कोठून आणायची, हेही तेथेच विचारून घ्यावे. अन्यथा चांगले यंत्र कपाटात पडून राहते.

इतकी चौकशी करण्याचे कारण नियमातच आहे. एकाच प्रयोजनासाठी एडिपमधून साहाय्य घेतल्यानंतर पुढील तीन वर्षे पुन्हा लाभ मिळत नाही. 12 वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे. अकराव्या वर्षी सैल बसणारा कॅलिपर तेराव्या वर्षी टोचू लागतो, तेव्हा साधन कोणत्या तारखेस मिळाले याची पोच जपून ठेवावी आणि बिघाड झाल्यास हमीच्या काळात अलिम्कोच्या केंद्राकडे दुरुस्तीची मागणी करावी.

कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवण उपकरणाची, वाट मात्र निराळी आहे. त्यासाठीचे अर्ज ऑनलाइन घेतले जातात आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याची समन्वयक आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा असल्याने निदान होताच अर्ज करावा. शस्त्रक्रियेनंतरची वाचा-उपचाराची नियमित हजेरीही कुटुंबाने आधीच गृहीत धरावी.

स्मार्टफोन किंवा संगणक घरात असेल, तर शासकीय साधनाची वाट पाहत असतानाही काही सोयी अर्जाविना मिळतात. स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, म्हणजे अँड्रॉइडमधील टॉकबॅक आणि विंडोजवर चालणारा एनव्हीडीए, दोन्ही विनामूल्य आहेत, आणि मराठी मजकूर वाचून दाखवणारे आवाजही उपलब्ध आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. एडिपच्या यादीत न बसणाऱ्या साधनासाठी तेथे लेखी मागणी करता येते. शाळा किंवा कार्यालय अर्ज स्वीकारत नसेल, तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे, आणि तेही न मिळाल्यास पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्जाची पोच व कागदपत्रांच्या प्रती जोडून तक्रार पाठवावी.