सीमेवरचा जवान, गावाकडचं मत: सर्व्हिस व्होटर नोंदणी, टपाली मतपत्रिका आणि प्रॉक्सी

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलला लढाई चालू होती, तेव्हा देशात लोकसभाच नव्हती. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६ तारखेला सभागृह विसर्जित झालं आणि पुढचं युद्ध काळजीवाहू सरकारने निभावलं. राज्यसभेचं अधिवेशन बोलवा, ही विरोधकांची मागणीही मान्य झाली नाही. नवी लोकसभा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडून आली. डोंगरावरून उतरलेल्या सर्व्हिस व्होटरला, म्हणजे सैनिक मतदार म्हणून नोंदलेल्या जवानाला, त्या निवडणुकीत टपालाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. प्रॉक्सीची, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायला दुसरा माणूस नेमायची, सोय २००३ मध्ये आली आणि मतपत्रिका ऑनलाइन पाठवायला २०१६ मध्ये सुरुवात झाली.

“युद्धाचं वातावरण आहे, निवडणुका पुढं जातील, सर्व्हिस व्होटर नोंदणीचा फॉर्म नंतर भरू,” असं सैनिकांच्या घरात सर्रास ऐकू येतं. आधी इतिहास बघा. १९६२ मध्ये चीनच्या हल्ल्यानंतर २६ ऑक्टोबरला आणीबाणी लागली, संसदेचं अधिवेशन अलीकडे आणून ८ नोव्हेंबरला भरवलं आणि १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावण्याचा ठराव झाला. यशवंतराव चव्हाण त्याच महिन्यात मुंबई सोडून संरक्षणमंत्री झाले आणि नंतर नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. ती आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये, म्हणजे १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक आणीबाणी लागू असतानाच पार पडली. घटनेच्या कलम ८३ नुसार आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवता येते, पण हे घडलं १९७६ मध्ये, आणि तेव्हा सीमेवर लढाई नव्हती. म्हणून फॉर्म आत्ताच भरा.

पात्र कोण

भूदल, नौदल आणि हवाई दलातले सगळे. शिवाय बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी, एनएसजी, आसाम रायफल्स आणि सीमा रस्ते संघटनेतलं ग्रेफ हे अभियंता दल. या सगळ्यांसाठी फॉर्म २. महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर असलेल्या राज्य सशस्त्र पोलिसांसाठी फॉर्म २-ए, आणि परदेशात भारत सरकारच्या पदावर असलेल्यांसाठी फॉर्म ३. वय १८ पूर्ण हवं. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत (वय १८ पूर्ण झालं का, हे या तारखांना बघतात), त्यामुळे नुकत्याच भरती झालेल्या अग्निवीराला वर्षभर थांबावं लागत नाही.

बायकोच्या नावाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. जवान फील्डवर, बायको-मुलं कागलला सासू-सासऱ्यांजवळ, आणि फॉर्म २ मध्ये पत्नीचंही नाव. असं करायचं नाही. जोडीदार जवानाबरोबर नेमणुकीच्या ठिकाणी राहत असेल तरच त्याचं नाव सर्व्हिस व्होटर म्हणून जातं, आणि त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही, जवानाच्या फॉर्ममधलं निवेदन पुरतं. गावात राहणाऱ्या पत्नीने साधा फॉर्म ६ भरून गावच्या यादीत नाव घालावं आणि स्वतः केंद्रावर जाऊन मत द्यावं. २०२१ च्या दुरुस्तीत ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ आलं, त्यामुळे महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्यालाही हा हक्क आहे. इतकी साधी गोष्ट व्हायला २०२१ उजाडावं लागलं. मुलगा, मुलगी, आई-वडील जवानाजवळ राहत असले तरी ते सर्व्हिस व्होटर होत नाहीत.

अर्ज कुठे द्यायचा

गावात नाही. तलाठ्याकडे, बीएलओकडे (गावच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्याकडे) किंवा तहसील कचेरीत फॉर्म २ घेऊन घरच्यांनी खेटे घालण्यात अर्थ नाही. जवान स्वतः आपल्या युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे, अर्ज करतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. ज्याचं त्याचं वेगळं. तिथला अधिकारी माहिती पडताळून सर्व्हिस व्होटर पोर्टलवरून आपल्याकडच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवतो, आणि नाव गावच्या यादीच्या शेवटच्या भागात, सैनिक मतदारांत लागतं. पत्त्यासाठी लाईटबिलाची झेरॉक्स वगैरे लागत नाही, रेकॉर्ड ऑफिसची पडताळणी हाच पुरावा.

लागते ती माहिती, आणि ती बिनचूक हवी: सेवा क्रमांक, हुद्दा, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, घर क्रमांक, गाव, पोस्ट, तालुका आणि विधानसभा मतदारसंघ. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गाडी अडते ती या शेवटच्या रकान्यात. तालुका आणि मतदारसंघ एकच असं धरून चालू नका. गडहिंग्लज तालुक्यातली काही गावं चंदगडमध्ये आहेत, काही कागलमध्ये. पन्हाळ्याची काही करवीरमध्ये, काही शाहूवाडीत. त्यात करवीर लोकसभेसाठी कोल्हापूर मतदारसंघात आणि शाहूवाडी हातकणंगले मतदारसंघात, म्हणजे इथे चुकलं तर खासदारही बदलतो. घरच्या कुणाच्याही मतदार कार्डावरून किंवा गावच्या यादीवरून मतदारसंघ बघा आणि जवानाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून द्या. घरच्यांनी करायचं खरं काम एवढंच.

फॉर्ममध्ये जवान लिहून देतो, की त्याचं नाव साध्या मतदार म्हणून कुठंही नाही. भरतीआधी गावच्या यादीत नाव असेल तर ते फॉर्म ७ भरून कमी करून घ्या. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीवर, कुटुंबासह राहणारा जवान तिथलाच साधा मतदारही होऊ शकतो. मात्र दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. सर्व्हिस व्होटरला मतदार ओळखपत्र मिळत नाही, त्याची वाट बघत बसू नका.

मत द्यायचे दोन मार्ग

पहिला मार्ग टपाली मतपत्रिकेचा. ती युनिटकडे ऑनलाइन येते, प्रिंट निघते, पण मत परत पाठवायचं टपालानेच. इथे हात घाईत चालवू नये. मतपत्रिका आतल्या पाकिटात (१३-बी) घालून ते चिकटवायचं. १३-ए हे घोषणापत्र वेगळं. त्यावर सही करायची, ती नेमलेल्या अधिकाऱ्याने साक्षांकित करायची, आणि हा कागद आतल्या पाकिटात घालायचा नाही. आतलं पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही बाहेरच्या १३-सी पाकिटात जातात. मतमोजणीच्या टेबलावर आधी बाहेरच्या पाकिटाचा क्यूआर कोड स्कॅन होतो, मग घोषणापत्र तपासतात. ते सापडलं नाही किंवा सही नसली, तर आतलं पाकीट न फोडताच मत बाद होतं. पाकिटाला तिकीट लावायचं नाही. मोजणीच्या दिवशी मोजणी सुरू व्हायच्या आत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे; ही वेळ बहुधा सकाळी ८ ची असते आणि नंतर आलेलं पाकीट मोजत नाहीत. लेह-तवांगचं टपाल कोल्हापूरला किती दिवसांनी येतं हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको.

म्हणूनच दुसरा मार्ग, प्रॉक्सी, मला जास्त भरवशाचा वाटतो. सैनिक टाकळी, सैनिक गिरगावसारख्या गावांत, जिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे, तिथे तर याचा विचार व्हायलाच हवा. जवान आपल्या वतीने मतदान केंद्रावर मत द्यायला एक माणूस नेमतो. तो त्या मतदारसंघाचा रहिवासी हवा. स्वतः मतदार नसला तरी चालतो, मतदार व्हायला अपात्र मात्र नसावा. अर्ज १३-एफ मध्ये. जवान नेमणुकीच्या जागी असेल तर त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून अर्ज घरी पाठवायचा. मग प्रॉक्सीने नोटरी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचा. जवान सुट्टीवर गावी आला असेल तर दोघांनी नोटरीकडे एकदमच सह्या करून टाकाव्यात, सगळ्यात सोपं. अर्ज उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी पोहोचला पाहिजे. एकदा नेमलेला प्रॉक्सी पुढच्या निवडणुकांनाही चालतो. बदलायचा असेल तर १३-जी भरायचा. प्रॉक्सीच्या शाईची खूण डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, त्यामुळे तो स्वतःचं मतही वेगळं देऊ शकतो.

प्रॉक्सी नेमला की टपाली मतपत्रिका येत नाही. ही सोय फॉर्म २ वाल्यांनाच आहे. २-ए आणि ३ वाल्यांना टपालच. आणि माणूस निवडताना राजकारण बघा: तुम्ही सांगाल त्यालाच तो मत देईल याची खात्री कायदा देत नाही. गावकीत ज्याचा शब्द चालतो त्याच्यापेक्षा ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे तो बरा.

निवृत्त झाल्यावर

डिस्चार्ज झाला की सर्व्हिस व्होटरचा हक्क संपतो. नाव आपोआप साध्या यादीत सरकत नाही. गावी आल्यावर फॉर्म ६ भरावा लागतो: फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्यासाठी आधार, पासबुक किंवा लाईटबिल यांपैकी काहीतरी. हा अर्ज बीएलओकडे किंवा ऑनलाइन करता येतो. यादीच्या शेवटच्या भागातलं जुनं नाव निघालं का, ते रेकॉर्ड ऑफिसला कळवून बघा. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेत विचारा.