गुग्गुळाचे अँटिऑक्सिडंट कुणासाठी?

बडोद्याच्या मराठी घरांत गुग्गुळ धुपापुरता माहीत होता. हल्ली त्याच्या गोळ्यांच्या डब्यांवर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ असं छापलेलं दिसतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणारे आक्रमक रेणू निकामी करणारं द्रव्य. हा खजिना झाडानं कुणासाठी जमवला, हे मला त्या गोळ्यांपेक्षा कितीतरी रंजक वाटतं.

गुग्गुळ हे कच्छ-राजस्थानच्या रुक्ष, खडकाळ माळांवरचं काटेरी झुडूप. वर्षातला बराच काळ ते निष्पर्णच असतं. अशा कोरड्या प्रदेशातली झाडं दुपारी पाणी वाचवायला पानांची रंध्रं मिटून घेतात, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. ऊन मात्र चालूच! हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटत राहतात, पण ज्या साखरेसाठी ते हवेत ती बनवायला कच्चा माल नाही. मग काही इलेक्ट्रॉन जवळच्या ऑक्सिजनवर जाऊन बसतात आणि सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला आक्रमक रेणू, तयार होतो. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर (एन्झाइम) त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. तेही लगेच निकामी करावं लागतं, कारण लोहाचे आयन भेटले तर त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतो, आणि तो मेद, प्रथिनं, डीएनए यांतलं काहीच सोडत नाही. म्हणून दुसरं विकर क जीवनसत्त्व खर्चून त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं. जोडीला फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात. ती मूलकाला हायड्रोजनचा अणू देऊन टाकतात. मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्यांच्या बेंझीन वलयावर पसरतो, त्यामुळे ती स्वतः फारशी आक्रमक होत नाहीत.

वनस्पतीच्या अर्काचा हा गुण मोजण्याची एक सोपी चाचणी आहे: डीपीपीएच या टिकाऊ मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा आणि ते किती पिवळं पडतं ते पाहायचं; जितकं पिवळं, तितके मूलक निकामी. चाचणी चांगलीच आहे, पण त्या नळीत जठर नाही, यकृत नाही, रक्त नाही. चहाही तिथे उत्तम गुण मिळवतो. तेवढ्या आधारावर माणसाला तारुण्याचं आश्वासन देणं ही फसवणूक आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला.

गुग्गुळाचा औषधी भाग म्हणजे सालीतून झरणारा राळयुक्त डिंक. त्यातलं गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या पित्ताम्लांच्या नियमनात भाग घेणाऱ्या एका ग्राहीला (पेशीतल्या रिसेप्टरला) अडवतं, हे २००२ साली दिसलं. अँटिऑक्सिडंटपेक्षा ही वेगळीच वाट आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. तीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. म्हणून कोलेस्टेरॉलची डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून कुणी गुग्गुळ सुरू करू नये.

मागणी मात्र वाढतेच आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून सालीत खोल घाव घालतात, झुडूप वाळून जातं. आज गुग्गुळ धोक्यातल्या जीवजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात आहे.