अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि लहान मुलांचे जुलाब

अंगात अ जीवनसत्त्व कमी असलं की लहान मुलांचे जुलाब जास्त जिवावर बेततात, आणि जुलाब सारखे होत राहिले की तेच जीवनसत्त्व आणखी घटतं, म्हणजे हे दोघं एकमेकांना खतपाणी घालतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात हे जास्त दिसतं. व्हिटॅमिन ए म्हटलं की आपल्याला गाजर आणि डोळेच आठवतात, रातांधळेपणा वगैरे, पोटाशी त्याचं काही देणंघेणं असेल हे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

डॉक्टरांच्याही फारसं नव्हतं. आल्फ्रेड सोमर हे अमेरिकन डोळ्यांचे डॉक्टर इंडोनेशियात मुलांचे डोळे तपासत होते, दर तीन महिन्यांनी तीच मुलं पुन्हा बघायची असं काम, आणि नंतर आकडे मांडताना लक्षात आलं की ज्यांना नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके होते (यांना बिटॉटचे ठिपके म्हणतात) ती मुलं बाकीच्यांपेक्षा साधारण चौपट प्रमाणात दगावत होती. हे १९८३ मध्ये छापून आलं. मग इंडोनेशियातल्याच आचे प्रांतातल्या ४५० गावांत सुमारे २६ हजार मुलांवर चाचणी झाली, अर्ध्या गावांत अ जीवनसत्त्वाचे डोस दिले, आणि तिथले मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले (१९८६).

आतड्याचं आतलं अस्तर दर तीन-पाच दिवसांनी नवं होत असतं. या नव्या पेशी नीट तयार व्हायला, त्यातल्या चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी घडायला अ जीवनसत्त्व लागतं, ते नसलं तर अस्तर कच्चं राहतं आणि जंतूंना वाट मिळते. शिवाय रक्तातल्या संरक्षक पेशींना 'तुमचं काम आतड्यात आहे, तिकडे जा' असा पत्ता याच जीवनसत्त्वापासून बनलेला पदार्थ देतो, आतड्यात पहारा देणाऱ्या आयजीए प्रतिपिंडांचंही काम त्यावर अडतं.

उलट बाजूने बघितलं तर जुलाबात अन्न आतड्यात टिकतच नाही, पोराला भूक नसते, त्यात जोराचा संसर्ग आणि ताप असला तर लघवीवाटेही हे जीवनसत्त्व जातं, आणि यकृतातला साठा, जो गरिबाघरच्या पोराचा आधीच जेमतेम असतो, संपत येतो. गोवरात हे फार ठळक दिसतं, गोवर गेला तरी जुलाब मागे लागतात, म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस डोस देतात. त्यात आपल्या घरची पद्धत अशी की जुलाब लागले की तेल-तूप, भाजी बंद, नुसती पेज. पाणी, पेज ठीक आहे हो, पण अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलंच जात नाही, म्हणजे गरज असते तेव्हाच आपण दार लावून घेतो.

इथे एक गोंधळ हमखास होतो. डोस पाजला म्हणजे चालू असलेले जुलाब थांबतील असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. घानामध्ये मोठी चाचणी झाली (१९९३), त्यात डोस मिळालेल्या मुलांचे जुलाबाचे दिवस जवळपास तेवढेच राहिले पण हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं, गॅस्ट्रोने होणारे मृत्यूही कमी झाले. म्हणजे जुलाब होतातच, पण पोर त्यातून निभावतं. चालू जुलाबावर उपाय जलसंजीवनी म्हणजे ओआरएस, सोबत झिंक १४ दिवस (सहा महिन्यांखालच्याला रोज १० मिलिग्रॅम, वरच्याला २०), आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. झिंक हे खनिज आहे बरं का, जीवनसत्त्व नाही.

भारतात डोसचा कार्यक्रम १९७० पासून आहे, सुरुवात अर्थातच अंधत्व टाळायला झाली. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत १ लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस, आशाताई किंवा अंगणवाडीत चमच्याने पाजतात ते पिवळं औषध हेच. यावर वादही आहे. १९९० मध्ये तमिळनाडूच्या चाचणीत दर आठवड्याच्या छोट्या डोसने मृत्यू ५४ टक्के घटले आणि त्याच साली हैदराबादजवळच्या चाचणीत सहा महिन्यांच्या मोठ्या डोसचा फरकच दिसला नाही, पुढे उत्तर प्रदेशात १० लाख मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१३ ला प्रसिद्ध) घट फक्त ४ टक्के, तीही योगायोग असू शकेल इतकी. जिथे कमतरताच कमी तिथे डोसचा परिणामही कमी, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे पण वाद मिटलेला नाही.

आहारातून घ्यायचं तर जन्मानंतरचा चीक (तो काढून टाकायची चाल काही घरांत अजून आहे), मग अंडी, कलेजी, शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई, आंबा. पाला फोडणी देऊन शिजवलेला बरा.

जास्तीच्या डोसने डोकं दुखणं, उलटी, तान्ह्याची टाळू फुगणं असं होऊ शकतं, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं, पण दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर हवं म्हणून लसीच्या कार्डावर तारीख लिहून घेतात.